कोपऱ्यातला ढग

३ नोव्हेंबर
(कोपऱ्यात: ढग)

प्रिय धाकटे,

आधी आभार, मग कुरकुर, हा आपल्या घरचा क्रम मी मोडणार नाही. तू पाठवलेलं चिंध्यांचं गाठोडं पोचलं. माझ्या बालवाडीतल्या पिल्लावळीने त्यातून फुलपाखरं केली, एक अख्खा समुद्र केला आणि एकाने निळी चिंधी कपाळाला बांधून ‘मला ताप आलाय’ असं जाहीर केलं. एवढ्या रंगांची चैन आमच्या शाळेला दुसरं कोण करू देणार होतं? देव तुझं भलं करो.

आता कुरकुर. चार दिवस आभाळ खाली उतरलंय आणि तुझा दादा त्याच्याही खाली. सकाळी उठतो, खिडकीतून बाहेर बघतो आणि कोणीतरी नापास केल्यासारखा परत पांघरुणात जातो. काल त्याने संपत्तीची वाटणी केली. शिडी तुला, ब्रश समोरच्या न्हाव्याला आणि मला ‘सगळ्या आठवणी’. मी म्हटलं, आठवणी ठेवायला एखादं कपाट तरी दे! त्यावर एक उसासा. दाताच्या डॉक्टरांचा बोर्ड रंगवायला घेतलाय, त्यावर हसरा दात हवा होता. याने काढलेला दात बघून डॉक्टर म्हणाले, “अहो, हा तर उपटल्यासारखा दिसतोय!”

पत्र लिहायला बसले तर शेजारच्या शिंपीणबाईंनी विचारलं, कोपऱ्यात हा ढग कसला? मग त्यांना सासूबाईंचा नियम सांगितला. आभाळ असेल त्या दिवशी रडा, भांडा, काय हवं ते बोला. पण ते बोलणं उन्हात पुन्हा म्हणून दाखवल्याशिवाय खरं धरायचं नाही. म्हणून पत्राच्या कोपऱ्यात ढग नाहीतर सूर्य काढायचा, आणि ढगाचं पत्र आलं की पुढचं उन्हाचं पत्र येईपर्यंत ते बिस्किटांच्या डब्यात बंद. शिंपीणबाई म्हणाल्या, “आमच्या घरी हा नियम असता तर माझं लग्न मोडलं असतं, होकार भर आभाळात दिला होता.”

तिकडची हवा कळव.

तुझी,
वहिनी

११ नोव्हेंबर
(कोपऱ्यात: सूर्य)

प्रिय वहिनी,

धाकटीचा नमस्कार, निम्मा तुला, निम्मा दादाला, तो पांघरुणाबाहेर आला असेल तर.

शिडी मला नको म्हणावं. ती न्हाव्याला दे आणि ब्रश मला पाठव. तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि एकटीच हसले, म्हणून आमच्या रंगमास्तरांनी विचारलं काय झालं. मी दाताची हकीकत सांगितली. ते म्हणाले, “तुमच्या भावाला इथे पाठवून द्या. इथे आभाळ येतंच कुठे?”

ते खरंच आहे. माझी तर रोजीरोटीच आकाशावर आहे. तुला माहीत आहे, पण शिंपीणबाईंना सांग. रंगवून आलेलं कापड उत्तरेच्या खिडकीशी धरायचं, शेजारी मूळ नमुना धरायचा आणि दोन्हींचा रंग एकच आहे का ते सांगायचं, एवढ्यासाठी मला इतकी वर्षं पगार मिळतो. आभाळ आलं की आमच्या खोलीला कुलूप, कारण ढगाखाली जुळवलेला निळा उन्हात नेला की जांभळट निघतो. कारखान्याने मध्ये उन्हाऐवजी वापरायला दिव्याची एक पेटी आणली. मास्तर तिला मुलीच्या सासरच्यांसारखं वागवतात. मान देतात, विश्वास ठेवत नाहीत. म्हणजे ढगाळ दिवशी दादा निजून राहतो तो उगाच आणि मी निजते ती पगारी!

एकच तक्रार आहे. या वर्षी ऊनसुद्धा पातळ आलंय, दुधात पाणी घातल्यासारखं. काचा पुसणाऱ्या मावशींना सांगून खिडकी पुन्हा पुसून घेतली. त्या म्हणतात, “बाई, अजून पुसली तर काच झिजेल.” तोंडाळ आहेत, पण कामाला चोख. तरी त्या काचेवर काहीतरी आहे हे मी पैजेवर सांगते.

वहिनी, तू पत्र लिहितेस म्हणून इथे माझ्या खोलीत माणसांचा आवाज येतो. आई गेली तेव्हा मला वाटलं होतं की आता मला कोणी ‘धाकटे’ म्हणणार नाही. तू ते चालू ठेवलंस. हे उन्हात म्हणतेय, तेव्हा धरायचं.

तुझी,
धाकटी

२२ नोव्हेंबर
(कोपऱ्यात: सूर्य, तोही दादाने काढलेला, म्हणून पत्राला जागा कमी)

प्रिय धाकटे,

ऊन पडलं! आणि मला आता ढगातला नवरा परत हवासा वाटतोय. सकाळी गात उठला, समोरच्या न्हाव्याला मिठी मारली (ब्रश परत मागितले), निम्म्या गल्लीला चहाला बोलावलं आणि ते मला सांगायला विसरला. दात आता इतका हसतोय की डॉक्टर म्हणतात, एवढा आनंद दाखवला तर माझ्याकडे येईल कोण? मधला काही मार्गच नाही या माणसाला.

मला स्वतःला ऊन-ढगाचं काही नाही, माझा वैरी वारा. वारा सुटला की माझी सगळी बालवाडी अंगात आल्यासारखी करते. परवा दार धाडकन आपटलं आणि एकदम सगळ्यांनी बाकांखाली बिळं केली. एक जण रडायला लागला. का रडतोस म्हटलं तर म्हणतो, “मला माहीत नाही, वाऱ्याला विचारा.” वाटलं, हा तर आपल्याच घरातला.

काचेचा नाद सोड आता. नाताळच्या सुट्टीत फार विचार न करता डोळे मिटून इकडे निघून ये. तुझी खोली झाडून ठेवते.

तुझी,
वहिनी

६ डिसेंबर
(कोपऱ्यात: ढग)

प्रिय वहिनी,

नमस्कार.

सुट्टीत यायचं जमणार नाही. कारण असं काही नाही. उठावंसं वाटत नाही, कोणाशी बोलावंसं वाटत नाही. मास्तरांनी माझे निळे नमुने परत पाठवले. आधी एकदा पाठवले होते, ते मी तुला लिहिलं नाही. वाद घातला असता तर बरं झालं असतं, पण ते कापड हळूच टेबलावर ठेवून गेले. इतकी वर्षं या माणसाने माझ्या शब्दावर कापडाचे तागेच्या तागे रंगवले, आणि आता माझ्याकडे बघायचं टाळतात.

कधी वाटतं, नोकरी सोडावी आणि कुठेतरी गुपचूप राहावं. कोणाच्या घरी नाही, तुझ्याही नाही. तुझ्या घरात एक निजून राहणारा आहे तेवढा पुरे.

पण कोपऱ्यात ढग काढलाय, तेव्हा मनावर घेऊ नको. डब्यात टाक. बाकी सगळं ठीक. सकाळी जाडी चादर धुऊन गच्चीवर टाकली होती, दुपारी बघते तर कडकडीत वाळलेली. तेवढंच एक काम मनासारखं झालं.

धाकटी

१४ डिसेंबर
(कोपऱ्यात: ढग)

अगं धाकटे,

अखेर तू दादाची बहीण शोभलीस! मी इतकी वर्षं म्हणत होते, या घराण्याचं रक्त ढगात गोठतं, तर तू मला हसायचीस. तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. दादा पांघरुणातून म्हणाला, “वाटणीत तिला शिडी नको तर माझा उदास चेहरा देतो, पुरवून पुरवून वापर म्हणावं.” नियमाप्रमाणे पत्र डब्यात गेलंय.

आता ऐक. सकाळी उठल्या उठल्या दिवा लाव, मग तोंड धू. चहा उभ्याने पिऊ नको. आणि आमच्या बालवाडीचा रामबाण उपाय कर: जागच्या जागी बेडकासारख्या उड्या मार. हसू नको, माझ्याकडे पुरावा आहे. कितीही रडकं मूल असो, बेडकाची उडी मारताना रडता येत नाही. काल दादाला मारायला लावल्या. खालच्या घरातले वर आले, भूकंप झाला का विचारायला. पण हसला, एवढं खरं.

ऊन पडलं की लगेच लिही. तुझं उन्हाचं पत्र येईपर्यंत डब्याचं झाकण उघडणार नाही.

तुझी,
वहिनी

२ जानेवारी
(कोपऱ्यात: ढग)

प्रिय वहिनी,

उशीर झाला लिहायला, राग मानू नको. अक्षर वाकडं आलं असेल तर समजून घे.

उड्या मारून बघितल्या. स्टुलाला अडखळले. स्टूल नेहमीच्याच जागी होतं.

आज दिवसभर खिडकीशी बसून उरलेले सगळे नमुने संपवले आणि संध्याकाळी मास्तरांना सांगितलं, या महिन्यानंतर दुसरं कोणी बघा. ते ‘का’ म्हणाले. मी म्हटलं, कंटाळा आला. ते दारापर्यंत गेले, परत आले. मग म्हणाले, “तुम्हाला कंटाळा आला यावर मी विश्वास ठेवू?” मी टेबल आवरायला घेतलं.

तुम्ही येऊ नका. इथे बघण्यासारखं काही नाही आणि दादाला प्रवास सोसत नाही. तू आजवर माझ्यासाठी जे केलंस ते मी विसरले नाही, कधी विसरणार नाही. एवढंच सांगायचं होतं. हेही डब्यात टाक.

धाकटी

११ जानेवारी
(कोपऱ्यात: ढग, आणि काळा कुळकुळीत)

धाकटे,

हे पत्र पोस्टाने येत नाहीये. ज्याच्या हातून तू ते घेते आहेस त्याला आधी आत घे, गाडीने त्याचं अंग आंबलं असेल.

तुझं पत्र दादाला वाचून दाखवून मी सवयीने डब्यात टाकायला निघाले होते. कोणी थांबवलं माहितीये? पांघरुणाने. त्यातून डोकं वर काढून तुझा दादा म्हणाला, “थांब. आभाळ होतं तर हिची खोली उघडी कशी? दिवसभर खिडकीशी बसून काय केलं हिने?”

मी खुर्चीतच बसले. मग डबा उघडला, मागचं पत्र काढलं. जाडी चादर म्हणे दुपारपर्यंत कडकडीत! धाकटे, इथे आमचे हातरुमाल तीन-तीन दिवस दोरीवर लोंबतात, आणि मला कळू नये? मी वाचलं होतं ते, मोठ्याने वाचलं होतं, आणि तुला बेडकाच्या उड्या मारायला सांगितल्या. दादाचे ढग ओळखण्यात जन्म गेला माझा, पण तुझ्याकडे ढगच नाही हे मला दिसलं नाही. तू आईंचा नियम पुढे करून आम्हाला दाराबाहेर ठेवलंस, आणि आम्ही हसत हसत बाहेर उभे राहिलो.

तुला काय झालंय ते मला माहीत नाही. आजार असेल, कोणी मन दुखावलं असेल, काहीही असो. ते त्याला सांग. तो बोलणार नाही, तुला माहीतच आहे, पण ऐकतो चांगलं.

आणि हे मुद्दाम लिहून ठेवते. आज इथे सूर्य नाही. काल नव्हता, परवा नव्हता. अशा दिवशी तुझा भाऊ आपण होऊन उठला, दाढी केली, पेटी भरली. मी म्हटलं, अहो, ढग आहे, आजचा निर्णय धरायचा नाही. तर पायात चपला सरकवत म्हणाला, “निर्णय कसला त्यात? बहीण आहे.” आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्याला आभाळात उंबरा ओलांडताना पहिल्यांदा पाहिलं.

तुझी,
वहिनी

१७ जानेवारी
(कोपऱ्यात: सूर्य, अर्धं पान भरून)

चि. सौ. बालवाडीच्या बाईंस,

पोचलो. इथलं ऊन काय सांगू तुला! स्टेशनबाहेर आलो आणि कोणीतरी झाकण उघडल्यासारखं झालं. मला एकदम रिक्षावाल्याशी गप्पा माराव्याशा वाटल्या, मारल्या. त्याला आपल्याकडे यायचं आमंत्रण दिलंय, तयारीत राहा.

आता खरं सांगतो. धाकटीने दार उघडलं आणि मी हातभर अंतरावर उभा असताना म्हणाली, “कोण पाहिजे?” मी म्हटलं, “शिडी आणलीये.” तेव्हा आवाजावरून ओळखलं आणि तिथेच दाराला धरून रडली. मग तुझं पत्र मीच तिला वाचून दाखवलं.

तिला दिसत नव्हतं, बाकी काही नाही. गेले कित्येक महिने सगळं धुक्यातून, पिवळट. निळा आणि हिरवा एकच. डोळे कायमचे चालले असं तिने एकटीनेच ठरवून टाकलं. डॉक्टरकडे गेली नाही; तेच खरं आहे असं डॉक्टर सांगतील ही भीती. जिचं सगळं आयुष्य रंग ओळखण्यात गेलं तिने आपल्या घरी आंधळी होऊन यायचं, तुझ्या गळ्यात पडायचं, हे तिला नको होतं. तुला तर नाहीच सांगायचं, कारण तू लगेच खोली झाडायला घेशील. (तू आधीच झाडून ठेवलीस हे मी सांगितलं. पुन्हा रडली.)

काल ओढत डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, “मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलाय. काढला की झालं.” मी विचारलं, झालं म्हणजे? म्हणाले, झालं म्हणजे झालं, दिसेल. त्या डॉक्टरांचा बोर्ड मी फुकट रंगवून देणार आहे. शुक्रवारी एका डोळ्याचं ऑपरेशन, दुसऱ्याचं नंतर.

इथे सलग ऊन आहे, त्यामुळे मी सलग आनंदात आहे, त्यामुळे धाकटी वैतागली आहे. तिचं दार रंगवलं, स्टूल रंगवलं. मास्तर भेटायला आले होते, त्यांना मिठी मारली.

तू ते पत्र माझ्यासमोर वाचलंस म्हणून सगळं झालं. मी पांघरुणात होतो हे खरं, पण कान बाहेर होते.

तुझा,
वाटणी रद्द केलेला

९ फेब्रुवारी
(कोपऱ्यात: ढग. खराखुरा.)

प्रिय, प्रिय वहिनी,

धाकटीचा साष्टांग नमस्कार, डॉक्टरांनी वाकायला बंदी केली आहे म्हणून कागदावरच.

पट्टी निघाल्याला आता बरेच दिवस झाले. आधी लिहायला मनाई होती, आणि तुला दुसऱ्याच्या हाताने लिहायचं नव्हतं मला. माझा खेळ ऐक. नवा डोळा मिटायचा आणि जुन्याने बघायचं, की सगळं जग चहात बुडवल्यासारखं. मग जुना मिटून नवा उघडायचा, की निळं! वहिनी, तुझी सगळी पत्रं निळ्या शाईची आहेत. मी तपकिरी समजत होते. माझी भिंत पांढरी आहे. आणि दादाचे केस! मला ते काळे वाटत होते. मी म्हटलं, “अरे, तू म्हातारा कधी झालास?” तो म्हणाला, “तू बघत नव्हतीस तेव्हा.”

काचा पुसणाऱ्या मावशींची माफी मागितली. काखेत कळसा अन् गावाला वळसा. मळ माझ्या डोळ्यात आणि मी त्यांच्याकडून काच झिजवून घेतली. त्या म्हणाल्या, “मला वाटलंच होतं, पण तुम्ही एवढ्या ठसक्यात सांगायचात की मलाच काच मळकी दिसायला लागली.” आणि मास्तर. मी सांगितल्यावर दुसरं कोणी बघितलंच नव्हतं त्यांनी. माझी खुर्ची तशीच, तिच्यावर तीच उशी. काल घरी निळ्याची दोन कापडं घेऊन आले आणि ती टेबलावर ठेवली. मी खिडकीशी नेऊन बघितली आणि म्हटलं, डावीकडचं लालसर मारतंय. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, “दुसरा डोळा झाला की या.” जिन्यात शिट्टी वाजवत गेले. कारखान्यात इतकी वर्षं काढली, शिट्टी कधी ऐकली नव्हती.

आज इथे खरंच आभाळ आलंय. कित्येक महिन्यांनी. दादा अर्थात निजला आहे, संपत्तीची नवी वाटणी चालू आहे, यात तुला कपाट मिळतंय. मी मात्र सकाळपासून खिडकीत बसून ढग बघतेय. त्यात केवढे रंग असतात ग! कडेला पोपटी झाक, पोटात निळसर, मध्ये शिंपल्याच्या आतला असतो तसला. मी उदास व्हायचं विसरूनच गेले.

आईचा नियम मोडायचा नाही, पण त्यात एक ओळ घालू या. ढगाचं पत्र डब्यात टाकायचं, मात्र त्याआधी एकदा विचारायचं, खरंच ढग आहे का? तू विचारलंस. दादाने विचारलं. मी तुम्हाला दार लावून घेतलं होतं आणि तुम्ही माझी चादर कधी वाळली ते बघून आत आलात. मी या घरात जन्मले म्हणून दादा माझा. पण तू तर बाहेरून आलीस, आणि माझी आईसुद्धा झालीस. मी तुझे आभार मानते, वहिनी. तुझ्या गळ्यात पडायला मला आता काहीही वाटत नाही. सुट्टीत येते, खोली झाडून ठेव.

पण हे सगळं ढगात लिहिलंय. नियमाप्रमाणे तू ते डब्यात टाकशील, टाक.

तुझी,
धाकटी

१० फेब्रुवारी
(कोपऱ्यात: सूर्य)

प्रिय वहिनी,

आज ऊन. कालचं सगळं तसंच.

धाकटी